टपावरची नौका आणि कुलपाचा विचार

चंदीगडचे सुखना सरोवर निसर्गाने दिलेले नाही. शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या हंगामी प्रवाहाला बांध घालून १९५८ साली ते निर्माण करण्यात आले. सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या या जलाशयाशी वास्तुविशारद ल कार्बूझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची नावे निगडित आहेत. येथे यांत्रिक नौकांचा गोंगाट नसावा आणि बांधावरून मोटारी धावू नयेत, असा कार्बूझिए यांचा आग्रह होता. त्या दूरदृष्टीमुळे वल्ह्यांच्या खेळांना शांत पाणी लाभले. मात्र त्यातूनच नौकेच्या मालकापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. मोटार दूर वाहनतळावर उभी करावी लागते, आणि तिच्या टपावर बांधलेली कयाक नजरेआड होते.

कयाक ही हलकी, निमुळती, एका किंवा दोन माणसांची नौका. शर्यतीच्या एकेरी कयाकची कमाल लांबी ५.२० मीटर, तर किमान वजन अवघे १२ किलो असते. हलकेपणा हा तिचा गुण, पण चोराच्या दृष्टीने तीच सोय. परदेशी बनावटीच्या नौकेची किंमत काही लाखांच्या घरात जाते. खेळाडूच्या कुटुंबाने पै-पै साठवून ती घेतलेली असते. स्पर्धेच्या तोंडावर ती गेली, तर केवळ पैसा नव्हे, वर्षभराचा सरावही वाया जातो.

पट्टा म्हणजे कुलूप नव्हे

कॅरिअरवर नौका बांधण्यासाठी वापरले जाणारे नायलॉनचे पट्टे वाऱ्याच्या जोरासाठी असतात, चोरासाठी नव्हेत. साध्या चाकूने ते क्षणात कापता येतात. म्हणून दोन कामांसाठी दोन साधने हवीत. भार पट्ट्यांनी पेलावा आणि चोरीला अटकाव प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या पोलादी तारदोराने करावा. तारदोर ताणून नौका आवळू नये, कारण कार्बन तंतूंची पातळ नौका अशा दाबाने तडकते. जेथे तार घासते तेथे स्पंजाची पट्टी ठेवावी.

तारदोर अडकवायचा कोठे, हा खरा पेच. नौकेच्या टोकांवरील उचलण्याच्या मुठी बहुधा स्क्रूने बसवलेल्या असतात. त्यांना कुलूप लावले, तर चोर स्क्रू काढून मोकळा होतो. वर बसून चालवण्याच्या कयाकमध्ये पाण्याच्या निचऱ्यासाठी आरपार छिद्रे असतात, त्यांतून तार ओवता येते. बंदिस्त कयाकला अशी सोय नसते. तिच्यासाठी दुहेरी फासाची युक्ती उपयोगी पडते. एक फास पुढच्या टोकावरून आणि दुसरा मागच्या टोकावरून चढवावा, दोन्ही मध्याकडे ओढावेत आणि कॅरिअरच्या दांड्याभोवती घेऊन एकाच कुलपात गुंतवावेत. नौका मध्ये रुंद असल्याने फास पुढे सरकत नाहीत, आणि एकमेकांना धरून असल्याने टोकांकडून निसटतही नाहीत.

सर्वांत कच्चा दुवा

साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच. तारदोर उत्तम, पण कॅरिअर साध्या नटांनी बसवलेले असेल, तर पान्याच्या मदतीने कॅरिअरसकट नौका उतरवता येते. त्यामुळे कॅरिअरच्या पायांनाही किल्लीचे कुलूप असावे. कुलपाची कडी जितकी कमी उघडी, तितकी ती कापणे कठीण. वल्हे, जीवरक्षक जाकीट आणि आसन मोटारीच्या आत, दृष्टीआड ठेवावे. वाहन दिव्याखाली व वर्दळीच्या जागी उभे करावे. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री नौका टपावर न ठेवता आत घ्यावी. कोणतेही कुलूप अभेद्य नसते. चोराचा वेळ वाढवणे आणि त्याला आवाज करायला भाग पाडणे, एवढेच त्याचे काम.

लांबीचे गणित

चार मीटर लांबीच्या मोटारीवर ५.२० मीटरची कयाक ठेवल्यास ती एकूण १.२० मीटर बाहेर येते. भार परवानगीच्या मर्यादेपलीकडे बाहेर आल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार वीस हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. चंदीगडहून हृषीकेशला, किंवा पुण्याहून कोलाडच्या कुंडलिकेवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे श्रेयस्कर. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत.

कागदाचे कुलूप

मोटारीला नोंदणी क्रमांक असतो, कयाकला बहुधा नसतो. त्यामुळे ती सापडली तरी 'ही माझीच' हे सिद्ध करणे जड जाते. अनेक परदेशी नौकांवर मागील टोकाजवळ उजव्या बाजूस निर्मात्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो टिपून ठेवावा. नसल्यास आतील बाजूस स्वतःची खूण कोरावी. खरेदीची पावती, क्रमांक आणि सर्व बाजूंची छायाचित्रे घरी सुरक्षित ठेवावीत, मोटारीत नव्हे.

मोटार विमा हा वाहनाचा आणि त्याच्या जोडसाधनांचा असतो. टपावर वाहून नेलेली नौका ही त्यात आपोआप येते, असे गृहीत धरू नये. तिच्यासाठी स्वतंत्र संरक्षण मिळेल काय, हे विमा कंपनीकडून लेखी विचारावे. अनेक चोरीविमापत्रांत बळाचा वापर झाल्याच्या खुणा आवश्यक मानल्या जातात. म्हणून कापलेली तार व तुटलेले कुलूप फेकून देऊ नये, तोच पुरावा ठरतो.

चोरी झाल्यास

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही ती देता येते, मात्र तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. परगावी नौका गमावलेल्या कुटुंबाला हा मोठाच दिलासा आहे. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. वाहनचोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, पोलिसांत तत्काळ तक्रार झाली असताना केवळ कंपनीला कळवण्यातील विलंबावरून दावा नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तरीही विलंब टाळणे हेच शहाणपणाचे.

पोलादी तार, कुलूप आणि एक फाइल, एवढ्याच तयारीचा हा प्रश्न आहे. नौकेच्या किमतीच्या मानाने हा खर्च अगदी अल्प. तो वेळीच केला, तर सुखनाच्या पाण्यावर वल्हे मारताना मन वाहनतळाकडे ओढ घेणार नाही.