खरी कॉर्नरचा कॅमेरा

दिवाळी अंकाच्या संपादकांना गारगोटीहून लेख हवा होता. विषय फोटो आणि छपाई, जुनी आणि नवी. नव्याबद्दल फार लिहावंसं वाटलं नाही. आमच्या बाजारपेठेत पासपोर्ट फोटो चहा निवायच्या आत हातात पडतो, दुपारी सांगितलेला वाढदिवसाचा फ्लेक्स संध्याकाळी चौकात लागतो. मशीन बिघडलं की कंपनीचा माणूस येतो. मशीनच्या पोटात काय आहे हे चालवणाऱ्याला कळायची गरजच उरलेली नाही. मला हवा होता तो यंत्राचं पोट आधी उघडून बघणारा माणूस. तो आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. कोल्हापूरला खरी कॉर्नरवर त्याच्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. गारगोटीहून एसटीने पन्नासेक किलोमीटर.

बाबूराव मेस्त्री, म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४). बाकीची हकीकत कोल्हापुरात कुणीही सांगेल. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि दोघांना सिनेमाने झपाटलं. परदेशी कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये काम अर्धवट टाकून आनंदराव गेले. पुढे विष्णुपंत दामल्यांच्या साथीने बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, तानीबाई कागलकरांच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. हे सगळं गौरवग्रंथांत आहे. मी अडकलो तो कॅमेऱ्याचे भाग कातणाऱ्या लेथपाशी.

या भावांनी आधी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आणला होता. तो खोलला तेव्हा त्यांना निम्मा कॅमेरा दिसला असणार, कारण दोन्ही यंत्रांची चाल एकच. फिल्म सरळ वाहून चालत नाही, ती क्षणभर थांबायला हवी. थांबली की झडप उघडते आणि प्रकाश पडतो. झडप मिटली की फिल्म पुढे सरकते, पुन्हा थांबते. सेकंदाला सोळा वेळा. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला एका चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. कॅमेऱ्यात बहुधा नखासारखी आकडी त्या भोकांत शिरते, फिल्म बरोबर एकोणीस मिलिमीटर ओढते आणि मागे हटते. एका फुटात सोळा चित्रं बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. हॅंडल सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त. आकडी केसभर चुकली तर पडद्यावर देऊळ, राजा, द्रौपदी सगळेच थरथरू लागणार. पडदे रंगवणाऱ्या माणसाने धातू कातून ही शिस्त त्यात बसवली. मला 'सैरंध्री'पेक्षा याचंच कौतुक जास्त वाटतं.

त्यातून त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचा नाही. कुंकू काळं उमटायचं आणि निळं आभाळ पांढरंफटक पडायचं. रंगांत वाढलेल्या पेंटरला सगळे रंग नव्याने शिकावे लागले असतील.

आणि कॅमेरा झाला म्हणजे सिनेमा झाला असं नाही. पुढे छपाई असते. बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण सिनेमाही छापावाच लागतो. निगेटिव्ह आणि कोरी फिल्म तोंडाला तोंड लावून एकत्र सरकवायच्या, निगेटिव्हमधून दिवा दाखवायचा, मग कोरी फिल्म रसायनात धुवायची. त्या वेळी फिल्म बिनभोकांचीही मिळे. फाळक्यांनी लंडनहून कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्र आणि छपाईचं यंत्रही आणलं होतं. या सगळ्या कामांत बाबूराव कागदावरच्या छपाईलाही विसरले नाहीत. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका ते काढत, पोस्टरं स्वतः रंगवत. 'कल्याण खजिना' (१९२४) चं पोस्टर हे देशातलं सर्वांत जुनं शिल्लक सचित्र चित्रपट-पोस्टर मानलं जातं.

गंमत अशी की कागद टिकला आणि फिल्म गेली. 'सैरंध्री' आज कुणालाही बघता येत नाही. कंपनीच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' (दोन्ही १९२७) यांचे काही भाग उरलेत, बाकी जवळपास सगळं संपलं. दोष एका माणसाचा नाही. ती फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. उष्ण-दमट हवेत ती आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. पेटली तर पाण्याखालीही जळते, कारण ऑक्सिजन तिच्या अंगातच असतो. शिवाय तिच्यावर चांदी असते. खेळ संपलेली रिळं कुठे अडगळीत, कुठे चांदी काढणाऱ्यांकडे गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली, त्यात प्रभातच्या मूळ फिल्मही गेल्या. त्या प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरातच, बाबूरावांकडे शिकलेल्या दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांच्या हातून झालेली.

डिजिटलने हा प्रश्न सुटला असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाची सीडी आज घरातल्या कुठल्या यंत्रावर लागते? फ्लेक्सचं तर बोलायलाच नको, पहिल्या पावसाळ्यानंतर तो कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून गेलेला असतो.

तेव्हा भुदरगडच्या, राधानगरीच्या, कुठल्याही जुन्या वाड्याच्या माळ्यावर चित्रपटाची पुस्तिका, काचेची निगेटिव्ह किंवा गंजलेल्या डब्यातलं रीळ सापडलं, तर भंगारवाल्याला देऊ नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. रिळाजवळ काडी ओढू नका, दिवा नेऊ नका, ते उन्हात वाळतही घालू नका. डबा थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.