नवी सेडान की जुनी?

श्रोतेहो, सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले, की पाच माणसांच्या घरात मोटारीचा विषय निघतोच. होंडा सिटी, व्हर्ना यांसारखी मोठ्या डिकीची सेडान हवी असते. ती नवी घ्यावी की जुनी?

आधी घसारा पाहा. विमा कंपन्या मोटारीची किंमत धरताना दुसऱ्या वर्षात २० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घट मानतात. हा तोटा पहिला मालक सोसतो. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे पाच वर्षांची गाडी घेणाऱ्याला अजून दहा वर्षे मिळतात.

नवीचेही फायदे आहेतच. तिला कंपनीची वॉरंटी व तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो. शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाला बहुधा व्याज जास्त पडते.

जुनी घेताना घाई नको. पुण्याची एमएच-१२ गाडी परभणीत आणली तर रोड टॅक्स पुन्हा लागत नाही. परराज्यातली असेल तर मात्र लागतो. फॉर्म २९ व ३० भरून आरसी आपल्या नावावर करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ आधी मागा. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याने अतिवृष्टी पाहिली. म्हणून गाडीतले जाजम उचलून पाहा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तिथे चिखलाचा डाग दिसला, तर भाव कितीही कमी असो, ती गाडी सोडा.