उकळलं म्हणून फ्लोराइड जात नाही!

राळेगावात पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आई गुंडात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायची. सकाळी तळाशी चिखलाचा थर, वर काचेसारखं पाणी. पण निवळलेलं पाणी शुद्ध असतंच असं नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. ते खडकातून उतरतं. ना रंग, ना वास. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं धरतात. आणि उकळून उलटंच होतं: वाफ उडते, फ्लोराइड भांड्यातच राहून आणखी दाट होतं.

गंमत म्हणजे यावरही तुरटीच कामी येते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने 1970च्या दशकात ‘नलगोंडा’ पद्धत काढली. आधी ब्लीचिंग पावडर नि चुना, मग तुरटी; हलक्या हाताने दहाएक मिनिटं ढवळायचं. कापसाच्या बोंडातून निघाल्यासारखे पांढरे पुंजके तयार होतात, फ्लोराइडला धरून खाली बसतात. तासाभराने वरचं पाणी काढून घ्यायचं. मात्र इथे तुरटी आईच्या खड्यापेक्षा कितीतरी जास्त लागते, आणि मात्रा पाणी तपासूनच ठरते. अंदाजाने टाकाल तर ॲल्युमिनियम पाण्यात उरेल. घरी आरओ असेल तर फ्लोराइड निघतं, पण बरंच पाणी वाया जातं. ते धुण्याभांड्याला वापरा.