परवाना, नोकरनामा आणि गावाचा कौल

रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या हमरस्त्यावरील गावी ज्याला रीतसर मद्यविक्री करावयाची आहे, त्याने जागा आणि भांडवल यांची जुळवाजुळव करण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे की, 1949 च्या दारूबंदी अधिनियमात बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद आहे. मद्याचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही दिलेला आहे.

अर्ज जातो तो वाशीमला, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे. देशी दारूच्या किरकोळ विक्रीस सीएल-3, विदेशी मद्याच्या बंद बाटल्यांच्या दुकानास एफएल-2 आणि परमिट रूमला एफएल-3 हे परवाने लागतात. यांपैकी पहिल्या दोहोंचे नवे परवाने देणे शासनाने गेल्या शतकाच्या आठव्या दशकातच थांबविल्यामुळे जुन्याच परवान्यांचे हस्तांतर व स्थलांतर होत राहिले. मात्र त्यासाठीही सरकारची मंजुरी घ्यावीच लागते.

परवाना मालकाच्या नावे असला तरी गिऱ्हाइकाच्या हाती बाटली देणारा बहुधा त्याचा नोकर असतो, म्हणूनच त्या नोकराच्या नावे खात्याकडून नोकरनामा घ्यावा लागतो. बियर मागणाऱ्याचे वय 21 आणि व्हिस्की-रम मागणाऱ्याचे 25 वर्षे पूर्ण आहे की नाही, याचा निवाडा गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या या माणसालाच क्षणार्धात करावा लागत असल्याने, कायद्याचे पालन अखेर त्याच्याच विवेकावर अवलंबून राहते.

परंतु सरकारी मोहोर उमटली म्हणून गावाचा अधिकार संपत नाही. 2008 च्या आदेशान्वये पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या छापलेल्या असतात, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकानास टाळे लागते. हमरस्त्यांलगतच्या मद्यविक्रीस सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या डिसेंबरात 500 मीटर अंतराची अट घातली, पुढे लहान गावांसाठी ती 220 मीटरांवर आणली, तेव्हा अनेक परवानाधारकांना आपला व्यवसाय किती सशर्त आहे याची जाणीव झाली.

ज्या घरात मजुरीचा पैसा चुलीऐवजी गुत्त्यावर खर्च होतो, त्या घरातील स्त्रीलाही या व्यवहारात मत असावे, हे न्याय्यच आहे. आणि ज्याला तिच्या मताची भीती वाटते, त्याने हा परवाना मागूच नये.