मोटारीचे नाव, सायकलीची घडी

श्रीमंताच्या मोटारीचे नाव आणि सामान्याची सायकल यांची गाठ पडलेली पाहावयाची असेल, तर जपानच्या बाजारात डोकवावे. तेथे लँड रोव्हर, हमर अशी नावे मिरविणाऱ्या घडीच्या सायकली विकल्या गेल्या आहेत. मोटारीचा कारखाना त्या घडवीत नाही. तो मोबदला घेऊन नाव वापरण्याचा परवाना तेवढा देतो. सायकल दुसराच कोणी करवून घेतो.

नावाला भुलणाऱ्याने आधी बिजागरीकडे पाहावे. अशा बहुतेक सायकलींचा सांगाडा मधोमध तोडून तेथे बिजागरी बसविलेली असते. स्वाराचा भार, पायांचा जोर, खड्ड्यांचे हिसके, सारे तिच्यावर येऊन पडते. ती सैल झाली की सायकल कुरकुरते, डुलू लागते. आणि चालत्या सायकलीचा खटका निसटला, तर मोटारीची कीर्ती काही स्वाराला सावरावयास येत नाही.

नाव नेहमी पोकळच असते, असेही नाही. अमेरिकेतील माँटेग्यू कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरीस संरक्षण खात्याच्या साहाय्याने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल सिद्ध केली. तीच पुढे हमरच्या नावाने विकली गेली. तिची घडी बैठकीखालच्या नळीभोवती होते, त्यामुळे मुख्य नळी अखंड राहते.

रोव्हरची कथा याहून मौजेची. १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. त्या नावाची मोटार निघाली १९०४ साली, आणि लँड रोव्हर तर १९४८ साली. सायकलीला उसने मिळालेले हे नाव मुळात सायकलीचेच होते.