कास्पार विस्टारची काचभट्टी

हायडेलबर्गजवळच्या खेड्यात 1696 साली जन्मलेला कास्पार विस्टार 1717 मध्ये फिलाडेल्फियाला आला आणि काही काळ मिळेल ती मजुरी करून पुढे पितळी बटणे घडवण्याच्या व्यवसायात स्थिरावला. बटणे आणि जमिनीचे व्यवहार यांतून भांडवल उभे राहिल्यावर त्याने न्यू जर्सीतील सेलम परगण्यात काचभट्टी उभारली. ती 1739 मध्ये सुरू झाली आणि ब्रिटिश अमेरिकेत दीर्घकाळ नफ्यात चाललेला काचेचा पहिला कारखाना ठरली.

जागेची निवड डोळसपणे झाली होती, कारण काचेला मूलतः वाळू लागते, तिचा वितळणबिंदू खाली आणण्यासाठी पोटॅश, म्हणजे लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार, लागतो आणि भट्टी धगधगती ठेवण्यासाठी अफाट सरपण लागते. त्या परिसरात वाळूही होती आणि जंगलही. विस्टारला स्वतःला मात्र काच फुंकता येत नव्हती. म्हणून त्याने जर्मनीतून चार कारागीर आणवले आणि नफ्यातील वाट्याच्या मोबदल्यात त्यांनी ही विद्या केवळ त्याला व त्याचा मुलगा रिचर्ड याला शिकवावी, असा करार केला. कारागिरी घराण्यात राखण्याचा हा मार्ग चतुर खराच.

वसाहतींनी तयार माल इंग्लंडकडूनच घ्यावा, अशी तत्कालीन राजनीती असतानाही येथे खिडक्यांच्या काचा आणि बाटल्या तयार होत राहिल्या. 1752 मध्ये कास्पारच्या निधनानंतर रिचर्डने कारखाना चालवला. तो क्रांतियुद्धाच्या काळात बंद पडला. ‘विस्टेरिया’ या फुलवेलीचे नाव मात्र कास्पारच्या वैद्य नातवावरून पडले आहे.