वेस्टाचा एक दिवस, वांगणीची एक रात्र

दुपारी ३:४०. दादर, कर्जत लोकल, लगेजचा डबा. कोळणींच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये दुर्बीणवाला २२ किलोंची पेटी धरून उभा. डिसेंबर २०२३ मधला शनिवार. बसायला जागा आहे, पण पेटी सोडवत नाही.

५:१०. वांगणी. रिक्षाचे १५० रुपये, पेटीचे ३० वेगळे. फार्महाऊसच्या मागच्या मोकळ्या जागेत तिपाई रोवतो.

६:४०. अंधार. माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे लावायचा. इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, आणि आज नेमका आंब्याच्या झाडाआड. तिपाई, वजनं, दुर्बीण, सगळं दहा पावलं सरकवतो. लेव्हल पुन्हा पहिल्यापासून.

७:१५. पाहुणे येतात, तीसेक. चंद्रकोर, गुरूचे चंद्र, शनीची कडी. शनी बघून एक आजी हात जोडतात. एक जण विचारतो, "सर, आमची रास कुठंय?" रात्रीचे ३,००० ठरलेत. प्रवास, बॅटरी आणि लेन्सचा हप्ता त्यातच.

९:५०. चंद्र मावळला, पाहुणे शेगडीकडे वळले. आता त्याचं स्वतःचं काम. या कामाचे पैसे कोणी देत नाही.

कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरची जुनी लेन्स लावतो. मृगाच्या वरच्या टोकाला, वृषभाच्या शिंगाजवळ वेस्टा हा लघुग्रह आहे. तेजस्वितेची प्रत ६.४, म्हणजे नुसत्या डोळ्यांना नाही. बायनॉक्युलरमधून मी पाहतो. ठिपक्यांत एक ठिपका. पाहुण्यांना का दाखवला नाही ते कळतं. सरासरी व्यास ५२५ किलोमीटर. लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात याहून मोठा फक्त सेरेस. आत्ता दिसणारा प्रकाश तिथून तेरा मिनिटांपूर्वी निघालाय.

१०:१०. पहिला फोटो. फोकस मुद्दाम थोडा सोडलेला. प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरला की मोजणी बरी होते. मग दर दोन मिनिटांनी एक. शेजारचे तारे मोजमापाला; त्यांची तेजस्विता ठरलेली, वेस्टाची तो फिरताना कमीजास्त होते. फरक प्रतीच्या दहाव्या हिश्शाएवढा. डोळ्याला कधीच कळायचा नाही.

११:३०. शेजारच्या बंगल्याचा हॅलोजन लागतो. "काका, तेवढा दिवा बंद करायला सांगा ना." वॉचमनकाका जातात, येतात. दिवा बंद. काकांचे १०० रुपये.

१:००. काकांनी चहा आणला. "एवढं काय बघता त्यात?"

"तिथे ही पेटी उचलायला साधारण अर्ध्या किलोएवढा जोर लागेल, काका. गुरुत्वाकर्षण आपल्या चाळिसाव्या हिश्शाएवढं." काका पेटीकडे बघून हसतात. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवापाशी एक खड्डा आहे, ५०० किलोमीटर रुंद. मधोमध शिखर, एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच. असल्या धडकांत उडालेले तुकडे पृथ्वीवरही पडतात. १८४३ साली आपल्या खानदेशात मानेगावला पडलेली उल्का त्याच जातीची. हाती लागली ती जेमतेम ५० ग्रॅम.

"म्हणजे दगडच?"

"दगडच."

२:१५. दव. पेटीवर बोट फिरवलं तर पाणी. लेन्सभोवतीची गरम पट्टी चालू आहे, पण ती बॅटरी खाते. व्होल्टमीटर ११.८. दुसरी बॅटरी जोडतो. फोटोंत सहा मिनिटांची फट पडली. वहीत वेळ लिहून ठेवतो.

३:३०. वेस्टाचा एक दिवस झाला. ५ तास २० मिनिटं. मानेवर टॉवेल गुंडाळून तो पहिला आणि आताचा फोटो शेजारी ठेवतो. आकडे जुळताहेत.

इथे एक गंमत आहे. बटाट्यासारखा लांबट लघुग्रह फिरला तर एका फेरीत दोनदा उजळतो. वेस्टा बऱ्यापैकी गोल. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ. म्हणून एका फेरीत एकच चढ, एकच उतार. हे लक्षात येईपर्यंत दिवस ५ तास २० मिनिटांचा की त्याच्या दुप्पट, यावर खगोलशास्त्रज्ञांत बराच काळ वाद होता. पुढे डॉन नावाचं यान जुलै २०११ पासून वर्षभराहून जास्त त्याच्याभोवती फिरलं, जवळून फोटो काढले. पण दुर्बीणवाल्याला तेजस्वितेचा आलेख स्वतःच्या हाताने काढायचाय. मला हा हट्ट पटला.

५:१०. शेवटचा फोटो. ओली तिपाई पुसायची, केबल गुंडाळायच्या, वजनं उतरवायची. बोटं आखडलीत, एक स्क्रू गवतात पडतो, मोबाईलच्या उजेडात सापडतो.

५:५०. फार्महाऊसचा मॅनेजर जीपे करतो. २,५००. "पाचशे पुढच्या वेळी, सर."

६:२०. मुंबईकडची लोकल. तो लॅपटॉप उघडत नाही. दुपारी डोंबिवलीत एका सोसायटीच्या गच्चीवर सूर्याचे डाग दाखवायचेत, १,२०० ठरलेत. आलेख रात्री.